शिशाचा दुसरा चष्मा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. त्याला तर नाहीच.

चिखलीत आमचं हॉस्पिटल आहे. खाली नवऱ्याचं हाडांचं, वर माझं डोळ्यांचं. मोडलेलं हाड बसवताना खाली एक्स-रेचं मशीन चालू असायचं, आणि पेशंटचा हात-पाय धरून उभे राहायचे अमडापूरचे मिलिंदभाऊ. अंगात शिशाचा एप्रन असायचा, डोळ्यांवर काही नसायचं. किरणं अडवणारा शिशाचा चष्मा एकच – नवऱ्याचा. दुसरा घेऊ, घेऊ म्हणत राहिलो. कुणी अडवलं होतं?

ऐन चाळिशीत मिलिंदभाऊ वर आले. दिव्यांभोवती धुकं दिसतं म्हणाले. मी यंत्रातून पाहिलं – बाहुलीतला तो तांबूस उजेड, मला अजूनही डोळे मिटले की दिसतो तो – आणि त्यात, डोळ्यातल्या भिंगाच्या अगदी मागच्या बाजूला, मधोमध, सायीसारखा डाग. ना शुगर, ना कसल्या गोळ्या – दुसरं कारणच नव्हतं. मी बघत राहिले. कॉलेजात शिकलेलं सगळं त्या उजेडात संथ तरंगत होतं. एक्स-रेची मशीनं नवी होती तेव्हा ती हाताळणाऱ्यांची भिंगं अशीच गढूळ झाली होती. पुढे अणुबॉम्बमधून वाचलेल्यांचीही. तरी थोड्या किरणांनी मोतीबिंदू होत नाही, असं डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत राहिले, आणि तेही चूक निघालं. हे मला ठाऊक नव्हतं? पाठ होतं.

"मॅडम, हे मशीनीनं त नाही झालं न? माही पोरगी तेच काम शिकतो म्हणते."

खाली नवरा होता. बाहेर पाटीवर त्याचं नाव होतं – आणि माझंही.

"नाही हो मिलिंदभाऊ," मी म्हटलं. "उन्हानं झालं."

किती सहज म्हटलं मी! त्यांचा चेहरा असा सैल झाला, जणू दुखणंच गेलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मी केलं, एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरून खीर येते. मी ती खाते.

त्यांची मुलगी प्रज्ञा आता खाली, त्याच मशीनवर आहे. परवा – इतक्या वर्षांनी – मी दुसरा चष्मा मागवला आणि तिच्या हातात दिला. ती हसली. अगदी बापासारखी हसते.

"मले कायले, मॅडम? तुम्हीच त बाबाले सांगतलं होतं, मशीनीनं नाही होत म्हणून."

मी 'बरं' म्हटलं. चष्मा तिच्या हातून घेतला आणि नवऱ्याच्या चष्म्याशेजारी खिळ्याला अडकवला.