पाठ दुखत नव्हती

त्या इस्पितळात तिला नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला अंगाई म्हणत. ती भूलतज्ज्ञ होती, आणि टेबलावर भीतीने आखडलेल्या माणसाला बोलता बोलता झोपवायची तिची हातोटी अशी, की सर्जनसाहेब म्हणत, "हिची जीभ आधी लागू पडते, औषध मागाहून." ती पेशंटच्या उशाशी बसायची, काय काम करता, घरी कोण कोण असतं, असं काहीबाही विचारायची आणि तो सांगत असतानाच शिरेत औषध सोडायची. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "आता झोपा. उठल्यावर बोलू." आणि संध्याकाळी ती खरंच वॉर्डात जाऊन अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करून घ्यायची. एका गवंड्याने तर शुद्धीवर येता येताच विचारलं होतं, "मी कुठवर आलो होतो?"

साथ ओसरून बरेच महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक शिंपी टेबलावर होता. काम साधं, पेशंट धडधाकट आणि बोलका. कोटाला बाही बसवणं हे किती नाजूक काम आहे ते तो रंगवून सांगत होता. अंगाईच्या हातात सिरिंज तयार होती. "आता झोपा," ती म्हणाली आणि पुढचं वाक्य घशातच अडकलं. मॉनिटरचा आवाज कानात घण घातल्यासारखा वाजायला लागला. तळहात घामाने ओला झाला आणि हात असा थरथरू लागला, की सुई कुठे टोचेल याचा नेम राहिला नाही.

शिंप्याने मान वळवून विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "सिस्टर, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. आज मी भूल देऊ शकत नाही." एवढं म्हणून ती बाहेर पडली.

हात धुवायच्या बेसिनपाशी सर्जनसाहेबांनी तिला गाठलं. "काय झालं? सकाळी काही खाल्लं नाहीस का?"

"मला भीती वाटली, सर."

"भीती? आणि तुला? अगं, साथीत एवढ्या लोकांच्या घशात नळ्या घातल्यास तू!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

साथीत ते काम तिच्याच वाट्याला आलं होतं. श्वासासाठी तडफडणाऱ्या माणसाला भूल द्यायची, घशात नळी घालायची आणि व्हेंटिलेटरला जोडायचं. दोन मास्क आणि चेहऱ्यावरच्या काचेआडून ती प्रत्येकाला तेच सांगायची, "आता झोपा. उठल्यावर बोलू." त्यातले फार थोडे उठले. एक बसचालक होता. त्याने तिचं मनगट धरून विचारलं होतं, "नक्की ना?" आणि ती म्हणाली होती, "नक्की." तो गेल्यावर त्याच्या बायकोला फोन तिनेच केला. बाई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "शेवटी कुणाशी बोलले हो?" अंगाई म्हणाली, "माझ्याशी."

मग साथ संपली. आवारातले तंबू उतरले, डॉक्टरांचे सत्कार झाले, हार वाळले. ज्या वॉर्डात माणसं ओळीने गेली तिथे मोतीबिंदूचे पेशंट हिरव्या पट्ट्या लावून गप्पा मारत बसू लागले. "सुटलो एकदाचे," असं जो तो म्हणत होता. अंगाईही म्हणत होती. फक्त तिची झोप उडाली होती आणि बस समोरून आली, की तिचं लक्ष आधी चालकाच्या सीटकडे जायचं.

त्या दिवशी ती भर दुपारी घरी आली. नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला होता. सासूबाई ताटं घेत होत्या. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, समोरच्याचा आवाज ऐकूनच काय ते ओळखायची. "आज लवकर सुटले," एवढंच अंगाई म्हणाली आणि त्यांनी ताट खाली ठेवलं. "बस आणि बोल."

तिने सगळं सांगितलं. ऐकून नवरा म्हणाला, "सोड ती नोकरी. दुकानात ये. चष्म्याचा नंबर काढताना हात थरथरला म्हणून कुणी मरत नाही."

ती हसली आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस, पण आम्हाला काय दिसत नव्हतं? जगाला झोपवतेस आणि स्वतः घुबडासारखी जागी. पण एक सांग, तुला ते काम आवडेनासं झालंय का?"

"नाही, आई. काम आवडतं मला." तिने नाक पुसलं. "मला नोकरी सोडायची नाहीये. मला बरं व्हायचंय."

"मग बरी हो," सासूबाई म्हणाल्या, जणू सुनेने आमटी वाढायला सांगितली होती. "आधी जेव."

दुसऱ्या दिवशी ती अधीक्षकांकडे गेली. माणूस मनाने वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. सगळं ऐकून त्यांनी उठून दार लावून घेतलं. "रजा हवी तेवढी घ्या, मॅडम. पण कारण आपण पाठदुखी सांगू. भूलवाल्यांची पाठ दुखतेच. कुणी खोदून विचारणार नाही."

"माझी पाठ दुखत नाही, सर."

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय. डॉक्टरच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणतील."

"पाय मोडला असता तर पाय मोडलाय असंच सांगितलं असतं ना? आज माझी पाठ सांगितलीत, उद्या दुसऱ्या कुणाला हेच झालं तर काय सांगणार? कंबर?"

अधीक्षकांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "तुम्हाला पस्तावायची वेळ येईल."

"येईल," ती म्हणाली. "तरी खरं तेच सांगा."

वेळ आलीही. खरं कारण आठवड्याच्या आत कँटीनपर्यंत पोचलं. रजेच्या कागदांसाठी ती इस्पितळात आली, की बोलणं मध्येच तुटायचं. कुणी उगाचच मृदू आवाजात विचारपूस करायचं, जणू ती काचेची होती. एका पेशंटच्या मुलाने तर तोंडावर सांगितलं, की रजा संपल्यावरही त्याच्या आईच्या ऑपरेशनला या डॉक्टर नकोत. त्या दिवशी ती गाडीत बसून बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून होती. पण सांगितलं ते बरंच केलं, याबद्दल तिच्या मनात दुमत नव्हतं.

ज्या मनोविकारतज्ज्ञाकडे ती जाऊ लागली ती कमी बोलणारी, पांढऱ्या केसांची बाई होती. बसचालकाचं ऐकून ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला नव्हता. तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत होतं," अंगाई म्हणाली. "निम्मं तरी."

बाईंनी ते खोडून काढलं नाही. "ठीक. मग त्या निम्म्याचं काय करायचं ते बघू."

गोळ्या सुरू झाल्या. बोलणं सुरू झालं, आणि ते गोळ्यांहून कडू होतं. मग सराव. थिएटर रिकामं असेल तेव्हा जायचं, उशाशी उभं राहायचं, हातात सिरिंज धरायची. पहिल्यांदा ती जिन्यावरूनच माघारी फिरली. पुढच्या वेळी दारापर्यंत पोचली. सिस्टर आत कापसाच्या घड्या घालत होती. घालून झालेल्या घड्या ती पुन्हा मोडून घालत होती, हे अंगाईच्या लक्षात आलं. ती आत गेली. त्या दिवशी ती उशाशी पाच मिनिटं उभी राहिली.

कामावर परतल्यावर पहिली पेशंट पित्ताशयाच्या खड्यांची होती, एका शाळेतल्या गाण्याच्या बाई. अंगाईच्या शेजारी दुसरा भूलतज्ज्ञ हाताशी उभा होता. गाण्याच्या बाई आपल्या वर्गातल्या बेसुऱ्या मुलांविषयी सांगत होत्या. अंगाईने या वेळी जुनं वाक्य बदललं होतं. जे आपल्या हातात आहे तेवढंच बोलायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. "मी तुमच्या उशाशी आहे," ती म्हणाली. "ऑपरेशन संपेपर्यंत इथून हलणार नाही." आवाज चिरकला, हात मात्र जागचा हलला नाही.

मास्कवरून सर्जनसाहेबांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. "करू सुरू?"

"करा, सर."

ती पूर्ण बरी झाली असं नाही. एखाद्या दिवशी सकाळीच हाताला कळायचं. मग ती आधीच सांगायची, की आज माझ्याबरोबर कुणीतरी हवं. पहिल्यांदा सांगताना लाज वाटली, नंतर नाही.

एके दुपारी गाड्या लावतात तिथे तिला पैलवानाने हटकलं. पैलवान म्हणजे फिजिशियन, दारातून जायला आडवं व्हावं लागेल एवढा देह. साथीतला सगळ्यात मोठा वॉर्ड त्याने सांभाळला होता. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "अंगाई, त्या तुझ्या डॉक्टरांचा नंबर देतेस? माझ्या मेव्हण्याला हवाय."

"काय होतंय त्याला?"

"इस्पितळाच्या फाटकाशी आला, की गाडीतून उतरवत नाही त्याला. बसून राहतो. पाय उचलत नाहीत."

"मेव्हणा डॉक्टर कधी झाला रे?"

पैलवानाने मान खाली घातली. तो एवढा मोठा माणूस, पण खांदे पोराचे पडावेत तसे पडले होते. तिने तिथेच फोन काढला, बाईंची वेळ मागून घेतली आणि म्हणाली, "मी सोडायला येते. उतरवलं नाही तर दोघं बसून राहू."

पैलवानानंतर आणखी काही जण आले. कुणाची मैत्रीण आजारी होती, कुणाचा भाऊ. एकेकाला असं चोरून किती दिवस पाठवायचं, हा विचार तिला स्वस्थ बसू देईना. त्यातच इस्पितळाने डॉक्टरांसाठी व्याख्यान ठेवलं, विषय 'आनंदी कसे राहावे'. वक्त्याने सगळ्यांना उभं करून हात वर करून मोठ्याने हसायला लावलं. हाडांचे डॉक्टर, बालरोगवाल्या, सगळे ओशाळून ह्या ह्या करत होते. हसणं थांबल्यावर सगळे बसले. अंगाई उभीच राहिली.

"हसून बरं वाटलं, आभार," ती म्हणाली. "पण आम्हाला जे हवंय ते साधं आहे. इस्पितळाबाहेरचा एक डॉक्टर, ज्याच्याकडे गेलेलं अधीक्षकांच्या कानावर येणार नाही. टेबलावर पेशंट गेला, तर त्याच हातांना लगेच पुढचा पेशंट द्यायचा नाही. आणि सलग ड्युट्यांना कुठेतरी आळा."

सर्जनसाहेब पुढच्या रांगेतून म्हणाले, "आमच्या वेळी असले लाड नव्हते. एक गेला, की दुसरा आत."

"माहीत आहे, सर. आणि तुमच्या बरोबरीचे कितीजण आज दारूशिवाय झोपू शकत नाहीत, तेही तुम्हीच मला सांगितलंय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात मागे एक खुर्ची करकरली. पैलवान उठला होता. "मी जातो त्या डॉक्टरांकडे," तो म्हणाला. "दुसरं कुणी नाही, मीच. मला फरक पडलाय." आणि धपकन खाली बसला.

बाहेरचा डॉक्टर मंजूर झाला, फारशी खळखळ न होता. टेबलावरच्या मृत्यूनंतर हात बदलायचा नियमही झाला. सर्जनसाहेब त्यावर अजून कुरकुरतात आणि अंगाईशी कामापुरतंच बोलतात. त्याचं तिला वाईट वाटतं. पण बोललेला शब्द ती मागे घेणार नाही.

ड्युट्यांचं मात्र घोडं अडलेलं आहे. माणसं कमी आहेत, वरून परवानगी यायची आहे, पुढच्या महिन्यात बघू, अशी उत्तरं मिळतात. म्हणून दर सोमवारी काम आटोपलं, की अंगाई अधीक्षकांच्या खोलीत जाते. ते मागच्या जिन्याने निघून जाऊ लागले, तेव्हा ती मागच्या जिन्याने वर जाऊ लागली. परवा त्यांनी तिला दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, आज खरंच वेळ नाही हो."

तिने समोरची खुर्ची ओढून घेतली. "असू दे, सर. तुमचं काम होऊ द्या. मी बसते."