सारवण न धरणारी जागा

पोरगी पेरूंच्या टोपलीखाली सापडली. आधी हात दिसला. टोपली उचलली तेव्हा ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

दौलताबादचा घाट उतरणारी जीप पायथ्याच्या वेशीवर आदळली होती. पेरू विकायला शहरात निघालेल्या दोघी बाया जागच्या जागी गेल्या होत्या. पोरगी जीपच्या मालकाचीच, सातवीत शिकणारी. वेरूळला मामाकडे राहून ती पडेगावला घरी निघाली होती. मी तिला मांडीवर घेऊन पोलीस गाडीत बसले. दवाखान्याच्या वाटेवर, तिच्या घरावरून गाडी पुढे गेली आणि ती गेली.

ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले होते. दवाखान्यात तो एकच बोलत होता, "बिरेक नै लगा, बाई. पेडल नीचे गया, कुच बी नै हुआ."

त्याच्या सदऱ्याला स्पिरिटसारखा वास येत होता. मी त्याच्या कानाखाली वाजवली. स्ट्रेचरवरच्या माणसाला मारलं. साहेब बघत होते. ठाणे अंमलदाराने डायरीत लिहिलं, 'चालकाच्या अंगास दारूचा वास.'

मी तेव्हा महिला शिपाई होते. शिक्षण चौथी. पुढे हवालदार होऊन निवृत्त झाले. आमच्या काळात ठाण्यात बाई म्हणजे बायकांची झडती, बायकांचे जबाब आणि बायकांची प्रेतं, एवढंच काम. जीपच्या मालकिणीचा, म्हणजे त्या पोरीच्या आईचा, जबाब घ्यायला मला पाठवलं ते त्यामुळेच.

तोवर गुन्हा मिटल्यासारखाच होता. मालकाने सांगितलं होतं, "गाडी एक नंबर होती. महिन्यापूर्वीच घेतली, जुनी पण ठणठणीत. त्यानं ढोसली होती." आरटीओच्या इन्स्पेक्टरला जीपमध्ये ब्रेकचं तेल मिळालं नाही. पण धडकेत पुढची नळीच तुटलेली, तेल तेव्हाच सांडलं असणार, असं मालकाचं म्हणणं. ड्रायव्हरच्या रक्ताचा अहवाल यायला महिने लागणार होते. ब्रेक आधीपासून गळत होता हे कुणी दाखवलं तरच त्याचं ऐकलं जाणार होतं. नाही तर तीन मुडदे त्याच्या एकट्याच्या नावावर.

पडेगावच्या घरी गेले तेव्हा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. मालक रानात गेला होता. अंगण नुकतं सारवलेलं. मी पायरीवर बसले. मालकीण उंबऱ्यात बसली. माझी नजर जमिनीवर गेली. जीप उभी राहायची तिथं हातभर जागेत सारवणाचे पोपडे निघाले होते. बाकीचं अंगण गुळगुळीत.

"तिथं काय झालंय?"

"तिथं धरतच नाय. कितीबी सारवा."

"कधीपासून?"

"गाडी आली तवापासून. रोज सकाळी ओला डाग. रुपयाएवढा व्हता, मग भाकरीएवढा झाला."

मी उठून पोपडा नखाने काढला आणि हुंगला. तोच वास होता. ड्रायव्हरच्या सदऱ्याचा.

माझा नवरा पोलीस खात्यातच ड्रायव्हर होता. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की त्याला सोबत न्यायचे. तो गाडीचा रंग बघत नसे. म्हणायचा, "आधी गाडीखालची जमीन बघायची. काळं तेल असेल तर इंजिन. घट्ट, कुबट वासाचं असेल तर गिअर. पातळ आणि स्पिरिटच्या वासाचं तेल चाकामागं दिसलं, तर त्या गाडीत बसायचंच नाही." लोक हॉर्न वाजवून, सीट दाबून आणि सपाट रस्त्यावर चक्कर मारून गाडी घेतात. हे सगळं मला पाठ होतं, तरीही मी त्या माणसाला मारलं होतं.

मी विचारलं, "मालकाला सांगितलं होतंस?"

"दोनदा. म्हणले, गाडी म्हणल्यावर तेल गळणारच, तू चुलीकडं बघ. गाडीबरोबर आलेली तेलाची बाटली त्यांनी ड्रायव्हरला दिलती. तो रोज सकाळी तेल वतायचा, मगच गाडी काढायचा. हात सदऱ्याला पुसायचा."

"जबाबात हे लिहू? नवऱ्यावर येईल."

तिने पोपड्याकडे बघितलं. "लिहा. मीच रोज पुसत व्हते तो डाग. माझं बी लिहा."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. पंच बोलावून सारवणाचा तुकडा खरवडून घेतला, कागदात बांधून सील केला. पंचांपैकी एक जण हसला, "बाई, शेणाचा मुद्देमाल पहिल्यांदाच बघितला." मी त्याला सही करायला सांगितलं.

मग गाडी विकणाऱ्या दलालाला ठाण्यात आणलं. शहरातला माणूस, पांढरे कपडे, बोलायला गोड. साहेबांपुढे खुर्चीत बसूनच उत्तरं देत होता. "साहेब, सेकंड हँड माल आहे. गिऱ्हाइकानं चालवून बघितली, पसंत केली. मी हार घातला, नारळ दिला, पेढे दिले."

मालकिणीने सांगितलेली बाटली माझ्या डोक्यात होती. मी मागून विचारलं, "आणि बाटली?"

"कसली बाटली?"

"ब्रेकच्या तेलाची. गाडी ठणठणीत होती तर नारळाबरोबर तेलाची बाटली कशाला दिली?"

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "आम्ही मालकाला सांगितलं होतं, मागच्या डाव्या चाकाचं काम करून घ्या. तो म्हणाला, सीझन झाल्यावर करू."

साहेबांनी त्याला खुर्चीतून उठवलं. मला वाटलं, ड्रायव्हर सुटला.

ड्रायव्हर, मालक आणि दलाल अशा तिघांवर खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. रक्ताचा अहवाल तोवर आला होता. दारू नव्हती. दलालाने वकील लावला आणि ठाण्यातलं बोलणं नाकारलं. पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात पुरावा होत नाही. मालकीण साक्षीला उभी राहिली. नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात होता, तिच्या मागे दीर आणि उरलेला लहान मुलगा बसले होते. ती म्हणाली, "मला काय आठवत नाय. अंगठा कशावर घेतला ठावं नाय." माझ्याकडे तिने बघितलं नाही. समन्स द्यायला मी तिच्या घरी गेले होते, तेव्हा अंगणात शहाबादी फरशी बसवलेली होती. तिचा मला राग आला नाही. तिला त्याच घरात राहायचं होतं.

सारवणाचा तुकडा दलालाच्या वकिलाने चिमटीत धरून कोर्टाला दाखवला. दोन वर्षांत त्याचा वास उडून गेला होता. लोक हसले.

ड्रायव्हरने मात्र खरं सांगितलं. "हां साब, मालूम था. रोज तेल डालता था." त्यावरच त्याला शिक्षा झाली. ब्रेक गळतो हे माहीत असून गाडी चालवली, म्हणून. दलाल सुटला, मालक सुटला. ज्याने कबूल केलं तो आत गेला.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. गळती सगळ्यांना माहीत होती. विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, सारवणाऱ्या बाईला, चालवणाऱ्याला. माहीत असलेली गोष्ट थांबवणं हे प्रत्येकाला दुसऱ्याचं काम वाटलं. पुढे इतकी वर्षं नोकरी केली, याहून वेगळं फारसं बघितलं नाही. त्या थपडेची माफी मी मागितली नाही. साहेबांनी डायरीतली ती ओळही खोडली नाही.

जीपमध्ये चौघं होती. पेरूवाल्या दोघी मेल्या, पोरगी मेली. ड्रायव्हर जगला.