पेच्चिमुत्तूचा तवा

तेनकाशीत बसस्टँडसमोरच्या परोट्याच्या दुकानात रस्त्याकडच्या तव्यावर उभं राहायचा मान पहिल्या मास्टरचा, म्हणजे मुख्य कारागिराचा. एकवीस वर्षं तो पेच्चिमुत्तूचा होता. मान खाली घालून पीठ आपटता आपटता मणके झिजले, पायांतली आणि हातातली ताकद गेली, मानेचं ऑपरेशन झालं. पाय सुधारले, पण उजवा हात खांद्यातून उठेना. शर्टात हात घालायलासुद्धा बायको लागायची.

सहा महिने वाट पाहून कोइंबतूरच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन केलं. कोपर ताठ करणाऱ्या नसेची एक फांदी काढून खांद्याच्या निकामी नसेला जोडली. "रुजायला वर्ष लागेल," ते म्हणाले. "पण हात उचलायचा तर कोपर ताठ करून खाली दाबायचं. खांद्याला आता तीच नस हुकूम देणार."

पेच्चिमुत्तूला हे मुळीच पटलं नाही. वर जायचं तर खाली कोण दाबतं? व्यायाम केल्याचं तो बायकोला खुशाल खोटं सांगायचा आणि भिंतीपाशी हात नुसता वर ओढत बसायचा. दहा महिने झाले, हात लोंबतच होता.

त्याहून वाईट म्हणजे इसक्की. त्यानंच हाताला धरून शिकवलेला हा माणूस आता त्याच्या तव्यावर उभा होता. मालकांनी पेच्चिमुत्तूला गल्ल्याशेजारी स्टूल दिलं होतं, आणि तिथून त्याला इसक्कीची पाठ दिवसभर दिसायची. परोटा हवेत पसरला की पेच्चिमुत्तूचा जळफळाट व्हायचा. तेल जास्त, पदर कमी, असं तो येईल त्याला सांगायचा. एक म्हातारं गिऱ्हाईक एकदा म्हणालं, "तुझ्यापेक्षा मऊ करतो की रे हा." त्या दिवशी पेच्चिमुत्तू जेवला नाही.

एका रविवारी दुपारी कुट्रालमच्या धबधब्याहून परतणाऱ्यांच्या चार बसेस एकदमच आल्या. इसक्की मागे वळून, थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारत म्हणाला, "अण्णाची, गोळे तेवढे दाबून द्याल? हात उचलायचा नाही, नुसतं दाबायचं."

"तुला एकट्याला झेपत नाही होय?"

"नाही झेपत, अण्णाची."

हे ऐकून पेच्चिमुत्तूला इतकं बरं वाटलं की तो लगेच उठला. ओट्यावर उजवा पंजा ठेवून, कोपर ताठ करून तो एकेक गोळा दाबू लागला, आणि प्रत्येक गोळ्यात त्याला इसक्कीचं थोबाड दिसत होतं. साठ-सत्तर गोळे झाले असतील.

"अण्णाची," इसक्की हळूच म्हणाला, "खांदा हलतोय तुमचा."

पेच्चिमुत्तूनं पाहिलं. सुकलेल्या खांद्याचं मांस दर दाबाला थरथरत होतं, आणि कोपर अंगापासून बोटभर सुटत होतं. त्याला रडू आलं. पण खांदा हललेला पहिल्यांदा त्या मेल्याला दिसावा, याचा रागही तितकाच आला.

घरी जेवताना त्यानं बायकोला, चेल्लताईला, सांगितलं, "हात हलला."

चेल्लताईचा हात भांड्यातच थांबला. "कसा हो?"

"आपोआप."

डॉक्टरांचं म्हणणं इसक्कीच्या कानावर तिनंच घातलं होतं आणि नवऱ्याला काहीतरी दाबायला लाव म्हणून त्याच्या हातापाया पडली होती. तिनं आणखी रसम वाढलं.

"उद्या जाणार का मग गोळे दाबायला?"

"जावंच लागणार," पेच्चिमुत्तू म्हणाला. "त्या गाढवाला एकट्याला काही जमत नाही."