चढावर पडणारी चेन

आकाराम चौगुले संशय घ्यायला कारण शोधत बसत नसे. आधी संशय घ्यावा, कारण मागाहून सवडीनं सापडतं, असा त्याचा अनुभव होता. त्यात धंदाही तसाच. शाहूपुरीत पंपाच्या स्पेअर पार्टच्या एका जुन्या दुकानात तो सत्तावीस वर्षं काउंटरवर उभा होता. बेअरिंग तळहातावर घेतलं की वजनावरून आणि बोटावर धरून कानाशी फिरवलं की आवाजावरून, माल ओरिजिनल की डुप्लिकेट हे तो सांगायचा. खोकं खोटं बोलेल, बिल खोटं बोलेल, पण आकारामचा कान खोटं बोलायचा नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. हे ऐकून ऐकून माणसांनाही बोटावर धरून फिरवून बघायची खोड त्याला लागली. दूधवाला, वायरमन, लेकीला बघायला आलेले पावणे, कुणीच त्यातून सुटलं नाही. बिचारे पावणे तर चहा अर्धा टाकून उठले होते.

विश्वास टाकावा अशी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याची सायकल. राहायला पेठ वडगावात आणि नोकरी कोल्हापुरात, म्हणून तरुणपणी नाइलाजानं सायकल धरली. पुढं वडगावात दारोदार मोटरसायकली आल्या, तरी यानं सायकल सोडली नाही. पन्नाशीला दोन वर्षं विचार करून गिअरची बारीक चाकाची सायकल घेतली आणि तिला घरात, दिवाणाशेजारी जागा दिली. सकाळी आठला निघायचं, वाठारला हायवे धरायचा, टोपच्या अलीकडचा चढ दमात घ्यायचा, शिरोलीवरून पंचगंगेचा पूल ओलांडून सव्वानऊला दुकानापुढं. जाऊन येऊन पस्तीस किलोमीटर. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ढेरीशिवाय.

या वाटेवर त्याला एकच सोबती होता, अमरसिंह शिंदे. शाळेत एका बाकावर बसलेला, शाहूपुरीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघणारा. अंगानं दणकट, तरुणपणी तालमीत घुमलेला, आवाज असा की फोनवर बोलला तर पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. चढाला तो कायम आकारामच्या पुढं असायचा आणि वर पोचल्यावर घंटी वाजवून चिडवायचा. सहा वर्षांत यात बदल झाला नव्हता.

बदल झाला तो एका आरोग्य शिबिरानंतर. व्यापाऱ्यांनी फुकट तपासणी ठेवली होती, आकारामनं रक्त दिलं, आणि रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. खाली डॉक्टरनं लिहिलं होतं, फिरत्या पट्ट्यावर पळवून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

"रोज पस्तीस किलोमीटर मारतोय मी," आकाराम बायकोला म्हणाला. "मला काय पट्ट्यावर पळवून बघत्यात? हे समदे एकमेकांचे पावणे असत्यात. एकानं लिवायचं, दुसऱ्यानं पळवायचं."

त्याची बायको नंदिनी शाळेत शिक्षिका. तिनं वाद घातला नाही, आणि तिथंच आकारामला पहिला वास आला. वाद न घालणारी नंदिनी म्हणजे काहीतरी शिजतंय. मग भाकरीवरचं लोणी गेलं. रविवारच्या तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा कट नाहीसा झाला. पुण्यात नोकरीला असलेली लेक अंतरा, तिनं नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. आकाराम ते दिवसा बांधायचा आणि रात्री कपाटात कोंडून ठेवायचा, कारण ते पुण्याला परस्पर निरोप धाडत असणार याची त्याला खात्री होती.

आणि अशातच अमरसिंहाच्या सायकलची चेन पडायला लागली.

पहिल्यांदा पडली ती होळीच्या आधीच्या आठवड्यात. टोपच्या चढाच्या मध्यावर धोंडुबाईची चहाची गाडी आहे, तिथं अमरसिंह एकाएकी थांबला. शेजारून कोल्हापूरकडं शेणी भरलेला टेम्पो चालला होता, म्हणून आकारामला दिवस नेमका आठवत होता. होळीत न जाळता स्मशानभूमीला दान द्यायच्या शेणी होत्या त्या.

"चेन पडली लेका," अमरसिंह म्हणाला. "हो म्होरं. आलोच."

दुसऱ्या दिवशी तिथंच पडली. तिसऱ्या दिवशीही. नवी सायकल, तेलपाणी वेळच्या वेळी, आणि चेन पडायची ती बरोबर चढावर, बरोबर चहाच्या गाडीपाशी. आकाराम वर जाऊन वाट बघायचा. दहा मिनिटांनी अमरसिंह सावकाश यायचा, आणि आकाराम पहिल्यांदा काय बघायचा तर त्याची बोटं. चेन बसवलेल्या माणसाची बोटं चार दिवस काळी राहतात. अमरसिंहाची बोटं आंघोळ करून आल्यासारखी स्वच्छ होती.

मग आकारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नंदिनीनं याला सांगितलंय. ह्यांचं काळीज कच्चं आहे, ह्यांना दम देऊ नका, चढावर थांबत चला. आणि हा बालमित्र आपल्याला विसावा मिळावा म्हणून चेनीचं सोंग करतोय! आकारामच्या अंगाची लाही लाही झाली. दुखणं परवडलं, पण अमऱ्यानं कीव करावी? घंटी वाजवून चिडवणाऱ्या अमऱ्यानं?

रंगपंचमी होऊन आठवडा झाला, तेव्हा आकारामनं अमरसिंहाला गाडीपाशी गाठलंच.

"बोटं दाव," आकाराम म्हणाला.

"आं?"

"बोटं दाव तुझी. कुठाय ग्रीस? नंदिनीनं सांगितलंय न्हवं तुला, माझ्यासाठी थांबायला?"

अमरसिंहानं आपल्या बोटांकडं बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. "व्हय," तो म्हणाला. "वहिनी बोलल्या मला. म्हणून थांबतोय. आता राग मानू नकोस की."

आकारामनं राग मानला. त्या दिवसापासून तो एकटा जायला लागला. घरी येऊन नंदिनीलाही त्यानं धारेवर धरलं.

"व्हय, सांगितलं," नंदिनी म्हणाली. तिनं कणकेतले हातही काढले नाहीत. "रंगपंचमीला भावजी घरी आलेवते, तवा सांगितलं. तुमी माझं ऐकता व्हय? जगात तुमी कुणाचं ऐकता? मी रोज सव्वानवाला फोन हातात घेऊन बसते, तुमी पोचला म्हणून कळस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतोय. सांगितलं तर काय चुकलं माझं?"

आकाराम सायकल पुसत बसला. तो जेवून आडवा झाला, पण डोळा लागेना. नंदिनीच्या बोलण्यात काहीतरी खुपत होतं. बऱ्याच वेळानं सापडलं. नंदिनीनं सांगितलं रंगपंचमीला. चेन पडायला लागली होळीच्या आधी. शेणींचा टेम्पो. मग मधले दहा-बारा दिवस अमऱ्या कुणाच्या सांगण्यावरून थांबत होता?

संशय वाईट असतो म्हणतात, आणि आकारामचा तर फारच वाईट. पण त्या रात्री त्यानं आकारामला झोपू दिलं नाही हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तो साडेसातलाच निघाला. धोंडुबाईच्या गाडीमागं ताडपत्री बांधली होती, तिच्याआड त्यानं सायकल घातली आणि स्वतः रिकाम्या कॅनवर दबा धरून बसला.

"काय पावणं, पोलीस मागं लागल्यात काय?" धोंडुबाईनं विचारलं.

"चा द्या आणि गप ऱ्हावा," आकाराम म्हणाला.

सव्वाआठच्या पुढं अमरसिंह आला. एकटा. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, कीव करावी असं कुणी दृष्टीलाही नाही. तरी तो थांबला. सायकल झाडाला टेकवायचीही वाट न बघता बाकड्यावर बसला. उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली आणि मान खाली घातली. कपाळावरून घाम गळत होता, सकाळचा गार वारा असून. थोड्या वेळानं त्यानं खिशातून पित्ताच्या पावडरीची पुडी काढली, बाटलीत घातली, फेस यायच्या आतच पिऊन टाकली. पाच मिनिटं गेली. रंग परत आला. मग तो उठला, धोंडुबाईला मोठ्या आवाजात रामराम केला आणि काही घडलंच नसल्यासारखा चढाला लागला.

"रोजचंच हाय त्यांचं," धोंडुबाई कप विसळत म्हणाली. "पित्त हाय म्हणत्यात. मिसळ बाधती. बसलं की जातंय, चढाला लागलं की येतंय."

आकारामच्या हातातला चहा तसाच राहिला. दुकानात अशी बेअरिंगं किती आली असतील. गिऱ्हाईक म्हणतं, बोटावर फिरवून बघा, काही आवाज नाही, नवंच आहे. आणि आकाराम म्हणतो, रिकामं फिरवून काय कळतंय? लोड आला की आवाज करतंय न्हवं? मग ते गेलंय. मिसळीला चढ आणि उतार कळत नाही. पित्त बाकड्यावर बसल्यानं जात नाही. तीन आठवडे तो या माणसाची बोटं बघत होता, आणि तोंडाकडं एकदाही बघितलं नव्हतं. स्वतःची त्याला अशी शरम आजवर वाटली नव्हती.

सांगून उपयोग नव्हता. अमरसिंहाला तो ओळखून होता. पाठीवर पोतं टाकून दोन मजले चढेल, पण छातीत दुखतंय हे तोंडून काढणार नाही. 'पित्त हाय' म्हणून हसेल आणि उद्यापासून दुसऱ्या झाडाखाली बसेल. आकाराम दुकानात गेलाच नाही, सरळ ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला. अमरसिंह फोनवर कुणावर तरी गरजत होता.

"अमऱ्या, उठ," आकाराम म्हणाला. "मला पट्ट्यावरची तपासणी करायची हाय. आत्ता."

"जा की मग. मी कशाला?"

असलं वाक्य आकारामनं आयुष्यात म्हटलं नव्हतं. "मला भ्या वाटतंय. एकट्याला जाववत न्हाय. तूबी माझ्यासंगं करून घे, म्हंजे मला धीर येईल."

ऑफिसातली दोन माणसं वळून बघायला लागली. अमरसिंहानं फोन खाली ठेवला. हसला नाही. "चल," म्हणाला.

शाहूपुरीतच एका डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक होतं. आकाराम पट्ट्यावर पळाला, दमला, आणि त्याचं सगळं ठीक निघालं. कोलेस्टेरॉलची गोळी घ्या, एवढं सांगून बाईंनी त्याला उतरवलं. अमरसिंहाला त्यांनी आधी आडवं केलं आणि छातीला तारा लावल्या.

"दुखतं का कधी?"

"छे! जरा पित्त हाय," अमरसिंह म्हणाला.

"खोटं बोलतोय त्यो," आकाराम दारातून म्हणाला. "चढाला दुखतंय, बसलं की थांबतंय. तीन आठवडं झालं. डोळ्यांनी बघितलंय मी."

बाईंनी यंत्रातून निघालेला कागद बघितला आणि पट्टा बंद करायला सांगितला. याला पळवायचं नाही, चालतही कुठं न्यायचं नाही. त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. मुख्य शीर जवळजवळ बंद. आजच स्टेंट बसवायला हवा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. अमरसिंहाची बायको मोना रडत होती, तिला काही सुचत नव्हतं. सहीचा कागद पुढं आला, तेव्हा अमरसिंहानं तो बाजूला सारला आणि आकारामला हाक मारली. आवाज इतका बारीक होता की आकारामला वाकून कान द्यावा लागला.

"आक्या, तू आयुष्यभर समद्यांस्नी डुप्लिकेट म्हणत आलास. आता खरं सांग. ही दुकानदारी हाय, का खरंच हाय?"

आकारामनं पडद्यावरचं चित्र बघितलं होतं. धार यावी तशी शीर येत होती आणि एका जागी दोऱ्याएवढी होत होती. त्याला डॉक्टरांवर शंका घ्यायची होती. मनातून फार वाटत होतं की हे खोटं असावं. "खरं हाय," तो म्हणाला. "ओरिजिनल हाय. कर सही."

अमरसिंहानं सही केली. आकाराम तासभर बाहेर जिन्यात उभा राहिला आणि सकाळी ऑफिसात जी भीती सोंग म्हणून बोलला होता ती तिथं त्याला खरोखर वाटली. मनगटावरचं घड्याळ ठोके जास्त आहेत म्हणून वाजत राहिलं, आणि अंतराचा पुण्याहून घाबरून फोन आला. म्हणजे ते निरोप पाठवत होतं हे सिद्ध झालं. आकारामनं तिला पहिल्यांदाच सगळं सरळ सांगितलं.

उन्हाळा, पावसाळा अमरसिंहानं घरीच काढला. दसऱ्याच्या आठवड्यात डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, बेतानं चालवा या अटीवर. पहिल्या दिवशी दोघं आठला निघाले. वाठारपर्यंत अमरसिंह बोलत होता. टोपचा चढ लागला तसा त्याचा आवाज कमी झाला. आकाराम पुढं होता. त्याला मागचा श्वास ऐकू येत होता, तो तसा ठीक होता, कुठं घासल्याचा आवाज नव्हता. पण अमरसिंह आपणहून थांबणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. धोंडुबाईची गाडी आली आणि आकारामनं ब्रेक दाबला.

"काय झालं?" अमरसिंहानं विचारलं.

"चेन पडली लेका."

अमरसिंह खाली उतरला. त्यानं आकारामच्या सायकलीकडं बघितलं. चेन जागच्या जागी होती. मग त्यानं आकारामच्या बोटांकडं बघितलं. आकारामनं हात पाठीमागं घेतला.

अमरसिंह बाकड्यावर बसला, धोंडुबाईला दोन चहा सांगितले, आणि म्हणाला, "बसव सावकाश."