आडवं लावलेलं यंत्र

संघमित्राला कुणी “गप्प बस” म्हटलं की ती हमखास बोलते. चिंचपोकळीच्या त्या चाळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा तिच्या आईने, मीराबाईंनी, हात जोडून सांगितलं होतं, “तिथं तरी तोंड आवर गं बाई.” आवरेल तर ती संघमित्रा कसली!

तिचं काम हवेतली धूळ लांबून ओळखण्याचं. त्यासाठी संस्थेने चाळीच्याच गच्चीवर एक यंत्र बसवलं होतं. ते डोळ्यांना न दिसणारा लेझरचा किरण सोडतं. वाटेत धुळीचे कण लागले की थोडा उजेड माघारी येतो आणि धूळ किती लांब, किती दाट, ते लॅपटॉपवर रंगांत उमटतं. वाळवंटाकडची धूळ उंचावरून येते, म्हणून यंत्राचं तोंड आभाळाकडे. तसं ते हवं तिकडे वळवता येतं.

मे महिन्यात धुळीचं वादळ आलं. भर दुपारी अंधारलं, बायकांनी दोरीवरचे कपडे ओढले, पटापट दारं लागली. ही मात्र तोंडाला ओढणी गुंडाळून गच्चीवर, यंत्राची काच पुसत उभी. दोन दिवसांत लॅपटॉपवरचा उंचावरच्या धुळीचा पट्टा विरला, आभाळ निवळलं. चाळीचा खोकला काही जाईना. मीराबाईंना तर जिना चढताना मध्येच बसावं लागे.

शेजारी टॉवरचं काम जोरात चाललं होतं. “बांधकामाला जाळी लावा, धुळीवर पाणी मारा,” म्हणून चाळकऱ्यांनी तगादा लावला, तर बिल्डरचा माणूस निलेश हसला. “अहो, ही वाळवंटातली धूळ. त्याला आम्ही काय करणार?”

संघमित्राचं डोकंच फिरलं. संस्थेतल्या साहेबांना न विचारता तिने यंत्र आडवं केलं आणि टॉवरकडे रोखलं. लॅपटॉपवर लालभडक ढग उमटला. तो टॉवरभोवतीच्या पत्र्यांच्या कुंपणापाशी सुरू होऊन थेट चाळीपर्यंत आला होता.

रविवारी चौकात सगळे जमले. तिने निलेशसमोर लॅपटॉप उघडला. त्याने तो नीट पाहिला, कुणाकुणाला फोन लावले आणि शेवटी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. पलीकडे तिचेच साहेब होते.

“आपलं काम वादळापुरतं. यंत्र वर कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

घर तिच्या पगारावर चालत होतं. जन्मात पहिल्यांदा संघमित्राला शब्द सुचेना. ती खरंच घाबरली होती.

मीराबाई कठड्याला धरून उठल्या आणि त्यांनी फोन घेतला.

“साहेब, हिच्या बापाला गिरणीत धाप लागली. डाक्टर म्हनला, विडी सोडा. त्यांनी विडीला कधी हात लावला नव्हता. छातीत सगळा कापूस भरलेला.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “ते खोटं पाडायला तवा आमच्याकडं काय नव्हतं. आज हाय. पोरीची नोकरी घ्यायची तर घ्या, यंत्र हलनार नाय.”

साहेब काहीतरी बोलत होते. मीराबाईंनी फोन बंद करून निलेशच्या हातात ठेवला.

“आता तू बोल. जाळी कधी लावतोस?”