आर्व्होमामा कोणाच्या नावावर

शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं वाढप करून वर्ना कॉस्केलाला एकच सवय लागली होती: कोणी दोनदा तर घेतलं नाही ना, हे बघायची. मिनेसोटातल्या त्या गावात तिच्या नजरेतून बटाटासुद्धा सुटत नसे.

मार्चमध्ये कॉम्प्युटरने तिचा कराचा अर्ज परत फेकला. आर्व्होमामाची नोंद म्हणे दुसऱ्या अर्जात आधीच झाली होती. मामा म्हणजे आईचा भाऊ, वय एक्क्याऐंशी, सहा वर्षं वर्नाच्याच घरी. जेवण, औषधं, बर्फातले बूट, सगळं तीच बघे. त्याला आपल्यावर अवलंबून दाखवलं की करात सूट मिळे, आणि यंदा त्या पैशातून त्याच्या खोलीची गळकी खिडकी बदलायची होती.

चोर कोण, हे तिला लगेच कळलं. तिने भावाला फोन लावला.

"डेल, मासेमारीच्या परवान्यासाठी मामाचा सरकारी नंबर नेलास. आणखी कुठं वापरलास?"

"म्हणजे?"

"वेड पांघरू नकोस. नाताळात पंधरा दिवस त्याला घरी नेऊन मासे खाऊ घातलेस, की लगेच पोशिंदा?"

"मला चोर म्हणतेस?"

"तो शब्द तुझा."

डेलने फोन आपटला.

कॉफीत टोस्ट बुडवणारा मामा थांबला. "त्याला कशाला झापतेस? अर्ज मी भरला."

"तू?"

"हिवाळ्यात बर्फावर घसरायच्या स्केट्सना धार लावायचं काम केलं ना, त्यातला कापलेला कर परत मिळवायला. लायब्ररीतल्या बाई फुकट भरून देतात. त्यांनी विचारलं, तुम्हाला कोणी आपल्यावर अवलंबून दाखवू शकतं का? म्हटलं, छे!"

"छे? आणि मी काय करते मग?"

"शेजारच्या खुर्चीवर हेल्मी बसली होती," मामा कपात बघत म्हणाला. "तिच्यादेखत हो म्हणू?"

चर्चमधली विधवा हेल्मी! वर्नाने कपाळावर हात मारला.

मग पुन्हा डेलला फोन. त्या घराण्यात माफी कोणी तोंडाने मागत नाही.

"रविवारी ये. वेलदोडे घालून पाव भाजतेय."

"मोजून वाढणार, की पोटभर?"

"ये तर खरा, मेल्या."

तिने मामाकडे वळून बजावलं, "तो अर्ज दुरुस्त करायचा. उद्याच."

"उद्या नको. मंगळवारी. मंगळवारी हेल्मी नसते तिथं."

वर्नाचे डोळे बारीक झाले. "हे तुला कसं ठाऊक?"