उजवीकडचे दोन बैल

आमचं रान किनवटकडं, जंगलाला लागून. पलीकडचं रान माझ्या वडिलांच्या, बापूंच्या चुलतभावाचं, म्हणजे काकाचं. मधल्या बांधावरून दोघांची कायम जुंपलेली. नांगर घातला की बांधाचं एखादं तास, नांगराची एक रेघ, खायचंच, दोघांनीही. घराण्यात पहिली पदवी माझी. तिचा मला गर्व आहे, लपवत नाही. पण त्या भांडणात ती कुणी विचारली नाही.

यंदा काकानं रानडुकरांसाठी बांधावर करंटची तार सोडली, कुणाला न सांगता. आमचा डावा बैल तिला चिकटून मेला. हरभऱ्याची पेरणी तोंडावर, ओल उडून चाललेली. आमच्या चढावर ट्रॅक्टर चढत नाही, आणि ऐन पेरणीत बैल कोण देतो?

मी म्हणाले, "पोलिसात जाऊ. तार सोडणं गुन्हा आहे."

"पोलीस पेरून देतेत का?" बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःचा उरलेला एकुलता बैल घेऊन आमच्या रानात उभा. त्याचीही पेरणी राहिलेलीच होती.

"दादा, जुपा."

"आता बैल दाखवायलास व्हय? तार सोडताना तोंड शिवलं होतं का?"

"चुकलं. मारा मला, पण आधी जुपा. ओल चाललीय."

 मायनं ओटीत हरभरा भरून घेतला.

जुपलं. पण काकाचा बैल जन्मभर उजवीकडं चाललेला, आणि आमचा राहिलेलाही उजवाच. डावीकडं जुपलेला काकाचा बैल जोडीदाराच्या अंगावर रेलायचा, पेरायची तिफण तिरकी पळायची, बी वरच पडायचं. बापू शिव्या देऊन थकले. बैल होता, बी होतं, तरी पेरता येत नव्हतं. मला रडू फुटलं.

मग काकानं पुढं जाऊन आपल्या बैलाची वेसण धरली आणि तो त्याच्यासोबत चालू लागला. दिवसभर. वाटेवरून कुणीतरी ओरडलं, "काय रे, रान चुकलास का?" काकानं मान वर केली नाही.

खालचं निम्मं रान झालं. चढाला लागल्यावर बापूंनी वाकून माती उकरली. वीतभर खाली गेले तरी कोरडी.

"इथं पेरून उपेग न्हाई."

काका मटकन खाली बसला. आमचं निम्मं पीक पेरण्याआधीच गेलं होतं.

"ऊठ," बापू म्हणाले. "उद्या तुझ्या रानात जुपू."

"माझीबी ओल गेली असंल, दादा."

"गेली तर गेली. जाऊन बघू."